कोजागरीच्या दुधाविषयी पालकांना सूचना

इंदूरमधील आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना विनंती की, कोजागरीच्या आटीव दुधात बदाम, पिस्ते व चारोळी असल्याने, ज्या मुलांना दुधाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्यांच्या पालकांनी आदल्या सायंकाळपर्यंत कार्यवाहांना अवश्य कळवावे. आतड्यात लॅक्टेज (दुधातील साखर पचवणारे विकर) कमी पडल्याने दूध न पचणे वेगळे आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी वेगळी; पहिल्यात पोट फुगते, दुसरीत श्वास अडकून जीवावर बेतू शकते, म्हणून ‘घोटभराने काय होते’ असा आग्रह कोणीही, अगदी आजी-आजोबांनीही, कृपया करू नये. या मुलांसाठी शेंगदाणे न घातलेले पोहे वेगळ्या कढईत करून वेगळ्या डावाने वाढले जातील. डॉक्टरांनी दिलेले तातडीचे औषध पालकांनी जवळच ठेवावे.