दर तिसऱ्या माणसाला ‘वाईट’ पान निघणारच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या दिवसांत ठाण्यातल्या सभागृहांत आणि वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये प्रदर्शने भरतात, आणि हल्ली तिथे साड्या-मसाल्यांच्या शेजारी टॅरोचे, म्हणजे चित्रांची पाने काढून त्यांवरून भविष्य किंवा सल्ला सांगण्याचे, टेबल दिसू लागले आहे. काही टेबलांवर दहा मिनिटांत दहा पाने मांडली जातात, एखादे दचकवणारे पान समोर धरले जाते आणि ‘दोष’ काढायला खडा, ब्रेसलेट नाहीतर पूजा गळ्यात मारली जाते. टॅरो अभ्यासून वाचणाऱ्यांना याची चीड येते. वाचकांनी या पानांमागचे साधे गणित समजून घेतले, तर अशी फसवणूक पुष्कळ कमी होईल.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पाने असतात. त्यातली २२ मेजर अर्काना (मृत्यू, सैतान अशी नावे असलेली मोठी पाने), ५६ मायनर (साधी पाने). मायनरचे वाँड्स, कप्स, स्वॉर्ड्स आणि पेंटॅकल्स असे चार रंग. प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि पेज, नाइट, राणी, राजा मिळून १४ पाने. दहा पानांच्या ‘केल्टिक क्रॉस’ मांडणीत मृत्यू (१३), सैतान (१५) आणि कोसळता मनोरा (१६) यांपैकी निदान एक पान येण्याची शक्यता ३४ टक्के आहे. स्वॉर्ड्सची दश्शीही धरली, जिच्यात पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी आहेत, तर ती ४३ टक्क्यांवर जाते. म्हणजे टेबलापाशी बसणाऱ्या दर तिघांत एकाला घाबरवण्याची सोय मांडणीतच आहे. त्याच्या नशिबाचा त्यात काही हात नाही. ‘तुम्हाला तीन मेजर आले, मोठे काही घडणार’ हेही तसेच. दहा पानांत सरासरी २.८ मेजर येतातच.

मृत्यूचे पान नीट पाहावे. आज सर्वाधिक वापरात असलेला कॅट १९०९ मध्ये लंडनला निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसला आहे, काळ्या निशाणावर पांढरे फूल आहे आणि मागे दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य दिसतो. अभ्यासू माणूस हे पान संपलेल्या गोष्टीबद्दल वाचतो: सुटलेली नोकरी, विकायला काढलेले घर, नुसते नावापुरते उरलेले नाते. आयुष्य किती उरले, हे कोणतेही पान सांगत नाही.

टॅरो ही ‘प्राचीन इजिप्तची विद्या’ हा दावाही टिकणारा नाही. ही पाने पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाली, आपल्या सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा खेळण्यासाठी असते तशीच. फ्रान्समध्ये ७८ पानांचा हा डाव आजही रंगतो. इजिप्तची कथा फ्रेंच लेखक कूर द जेबलँ यांनी १७८१ मध्ये मांडली, तेव्हा तिथली चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये.

मग टॅरोचा उपयोग काय? माणूस एखाद्या प्रश्नात अडकला की त्याच त्या चार विचारांत फिरत राहतो. बाहेरून आलेले, त्याने न निवडलेले चित्र त्याला पाचव्या बाजूने बघायला लावते. पान काही जाणत नसते. बोलतो तो ज्याचा प्रश्न आहे तो, आणि रीडरने, म्हणजे पाने वाचणाऱ्याने, त्याला बोलू द्यायचे असते. पण हे जमायला रीत पाळावी लागते.

पहिली गोष्ट प्रश्न. ‘प्रमोशन मिळेल का?’ या प्रश्नाला पानांकडे उत्तर नाही. ‘या नोकरीत राहण्याचा विचार करताना माझ्या नजरेतून काय सुटते आहे?’ यावर बोलता येते. प्रश्न कागदावर लिहावा. तीन पाने पुरतात, आणि त्यांच्या जागा पान उघडण्याआधी ठरवाव्यात: परिस्थिती, अडचण, हातात असलेले पाऊल. जागा नंतर ठरवल्या तर प्रत्येक पान हव्या त्या अर्थाकडे ओढता येते. बहुतेक रीडिंग इथेच फसते.

पिसणे लोक फार हलक्यात घेतात. नवा कॅट क्रमाने लावलेला असतो, म्हणून तो आधी टेबलावर पसरून दोन्ही हातांनी चांगला कालवावा. हातातल्या हातात थोडी थोडी पाने वरखाली केल्याने शेजारची पाने शेजारीच राहतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पाने जोडीने चिकटतात, आणि मग मागच्या रीडिंगची पाने पुन्हा निघाली की त्याला ‘संकेत’ म्हटले जाते. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. उलटी (डोके खाली होऊन आलेली) पाने वाचायची असतील, तर पिसताना अर्धा गठ्ठा फिरवायला हवा. नवशिक्यांनी पहिले काही महिने सरळच वाचावे.

पान उघडल्यावर आधी दिसते ते सांगावे, अर्थ मागाहून. स्वॉर्ड्सच्या नव्वीत अंथरुणात उठून बसलेली बाई दोन्ही हातांत तोंड लपवते आहे आणि तलवारी भिंतीवर आहेत, तिच्या अंगात नाहीत. हा तपशील पाहिला की काळजी आणि संकट यांतला फरक समोरचा माणूस स्वतःच बोलू लागतो. पाठ केलेले अर्थ तसेच ऐकवले, तर उरतात कुणालाही लागू पडणारी वाक्ये. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर ‘तुमचे स्वभाववर्णन’ म्हणून दिला. त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘अगदी बरोबर सांगितले’ या शब्दांवर म्हणूनच विसंबू नये. आणि मनासारखे पान आले नाही म्हणून त्याच दिवशी तोच प्रश्न पुन्हा काढू नये.

आजार, गर्भ, कोर्टातला निकाल, शेअर, तिसऱ्या माणसाच्या मनातले विचार यांवर पाने काढण्यास नकार द्यावा. समोरचा माणूस जगणे नकोसे झाल्याचे बोलला, तर पाने मिटून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. खडे, पूजा, ‘उपाय’ हे टॅरोच्या रीतीत मुळीच नाहीत, बाहेरून चिकटवलेले आहेत. आणि भूतबाधा, करणी यांच्या नावाने भीती घालणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

प्रदर्शनांच्या आयोजकांना विनंती आहे की, टॅरोला टेबल देताना दोन अटी लेखी घ्याव्यात: फी, वेळ आणि कोणते प्रश्न घेतले जाणार नाहीत याचा मराठी फलक समोर हवा, आणि त्या टेबलावर कोणतीही वस्तू विकता येणार नाही.

– टॅरोची एक अभ्यासक, नौपाडा, ठाणे (प.)