गोव्याला जाताय? मग ही विमानंपण बघून या

संपादक महोदय,

स.न.वि.वि. सुट्ट्या आल्या की गोव्यात काय बघायचं याच्या याद्या सगळीकडे छापून येतात आणि त्यात तेच ते बीच, चर्च, किल्ले असतात, पण दाबोळी एअरपोर्टपासून बोगमाळो बीचकडं जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं विमान म्युझियम आहे त्याचं नाव सहसा नसतं, म्हणून हे पत्र.

आम्ही सगळे पोरांसकट गेलो होतो. तिथं सी हॉक नावाचं जेट उभं आहे, पंख वरती घडी होणारं, म्हणजे जहाजावर जागा कमी लागते, आणि पोरं शेपटीकडं जाऊन धूर कुठून निघतो ते शोधत बसली तर तिथं काहीच नाही! इंजिन एकच, पण झोत दोन भागात फोडून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढलाय. शेपटीखाली असतो तो हूक, डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकून विमान थांबवायला. त्या एवढ्याशा आकड्यावर पायलटचा जीव, विचार करून बघा.

याच जातीची सी हॉक विमानं ४ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर तुटून पडली होती. विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला, जहाजाला पूर्ण वेग मिळत नव्हता, तरी. जोडीला अलिझे, पाणबुड्या शोधणारी, तीपण इथं आहेत. शिवाय तीन शेपट्यांचं भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन, जे आधी एअर इंडियात प्रवासी न्यायचं, मग हवाई दलात गेलं, मग नौदलात समुद्रावर टेहळणी करत फिरलं. तीन नोकऱ्या केल्या बिचाऱ्यानं.

आणि आम्हा पुणेकरांसाठी आणखी एक. शेजारची दाबोळीची धावपट्टी १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून उडालेल्या हवाई दलाच्या १२ कॅनबेरा बॉम्बर विमानांनी फोडली होती, तीसुद्धा टर्मिनलची इमारत आणि हँगर वाचवून. हे आमच्या ग्रूपमधल्या कुणालाच माहीत नव्हतं.

आता खरा मुद्दा. ही मोठी विमानं उघड्या मैदानात उभी आहेत. समुद्र जवळ, खारी हवा, वर गोव्याचा चार महिने पाऊस, अॅल्युमिनियम किती दिवस तग धरणार? दिल्लीत पालमच्या हवाई दलाच्या म्युझियममधली जुनी विमानं हँगरच्या छताखाली आहेत म्हणून तर वापिटीसारखं दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं विमान आजही आपल्याला बघायला मिळतं. रंग मारून दरवेळी काम भागत नाही, गंज आतून खातो. सगळ्यांना नाही तर निदान सी हॉक आणि अलिझेला तरी पक्की शेड मिळावी, केंद्रानं द्यावी नाहीतर गोवा आणि महाराष्ट्र सरकारनं मिळून द्यावी, आपण तर द्यायलाच पाहिजे कारण विक्रांत २००१ ते २०१२ मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती आणि आपल्याला ती जपणं झेपलं नाही, २०१४ ला भंगारात गेली, पुढं तिच्या लोखंडाची बाइक निघाली ती लोकांनी हौसेनं घेतली (आमच्या सोसायटीतपण एक आहे). जहाज गेलं, त्याच्यावरची विमानं तेवढी राहिलीयत.

शाळांनीपण गोव्याची ट्रिप काढताना दोन तास इथं ठेवावेत. सोमवारी सोडून जा, बंद असतं.

– एक वाचक, पुणे