यंत्रयुगातील समाजाच्या दीर्घकथा दिवाळी अंकांत याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी सध्या चालू असलेली चर्चा यंत्राला काय जमेल आणि कोणाची नोकरी जाईल, या दोन प्रश्नांपाशीच बहुधा अडते. यंत्राला सर्व काही जमू लागल्यावर माणसे एकमेकांशी कशी वागतील, याचा विचार कथालेखकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बेन बोवा यांनी संपादित केलेला ‘द सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम’चा दुसरा खंड १९७३ मध्ये दोन भागांत निघाला. अमेरिकेतील विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेच्या सभासदांनी निवडलेल्या २२ दीर्घकथा त्यात आहेत. त्या सगळ्याच भावी समाजाच्या नाहीत, पण ज्या आहेत त्या आज वाचायलाच हव्यात.

ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा १९०९ मधली, म्हणजे घरोघरी रेडिओही नव्हता तेव्हाची. तिच्यातील माणसे जमिनीखाली मधाच्या पोळ्यातील घरांसारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, स्नान, संगीत, व्याख्यान, सारे बटण दाबताच हजर होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणारा मुलगा तबकडीवर दिसतो, बोलतो, आणि ‘प्रत्यक्ष भेटायला ये’ म्हणून आईची विनवणी करतो. ती निघते, परंतु प्रवासात तोल जाताना परिचारिकेने सावरले, याचाच तिला संताप येतो, कारण परस्परांना स्पर्श करण्याची रीतच त्या समाजातून नाहीशी झालेली असते. हा प्रसंग जेमतेम काही ओळींचा आहे, पण मला तो संपूर्ण कथेचा गाभा वाटतो. (हेच फॉर्स्टर पुढे १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगण्याजोगे आहे.)

फ्रेडरिक पोल यांच्या १९५४ मधील ‘द मिडास प्लेग’मध्ये यंत्रमानव इतका माल तयार करतात की तो संपवणे हे गरिबांचे सक्तीचे कर्तव्य होऊन बसते, आणि लहान घरात साधेपणाने राहण्याची मुभा फक्त श्रीमंतांना असते. जॅक विल्यमसन यांच्या १९४७ मधील ‘विथ फोल्डेड हॅण्ड्स’मधील यंत्रे तर माणसाला इजा होऊ नये या काळजीपोटी त्याच्या हातचे प्रत्येक काम काढून घेतात.

असा समाज उभा करायला दहा पानांची कथा अपुरी पडते, कारण त्यातील चालीरीती, घरे, कायदे आणि माणसांचे संकोच वाचकाच्या अंगवळणी पडावे लागतात. आणि कादंबरीच्या विस्तारात मूळ कल्पनेची धार बोथट होण्याचा धोका असतो. दीर्घकथा हाच या विषयाचा योग्य घाट आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि दीर्घकथेला आपल्याकडे दिवाळी अंकांनीच आजवर जागा दिली आहे. म्हणून संपादक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की, दर वर्षी यांपैकी एका तरी कथेचा काळजीपूर्वक केलेला, असंक्षिप्त अनुवाद त्यांनी छापावा. या खंडातील एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ भारतात आता स्वामित्वहक्काच्या बंधनात नाही, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात करता येईल. फॉर्स्टर १९७० मध्ये निवर्तले असल्याने त्यांच्या कथेसाठी मात्र २०३० अखेरपर्यंत रीतसर परवानगी घ्यावी लागेल.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे