न वाचता चिकटवलेलं पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून बोलायला लागले की माझा गळा दाटून येतो, हे तुम्ही गेल्या खेपेला पाहिलंच. त्या दिवशी धड ‘येते’ सुद्धा न म्हणता मी तुमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाची पायरी उतरले. म्हणून आता लिहिते आहे. तुमचा नातू मोबाईलवर हे तुम्हाला दाखवेल. इतरांनीही वाचलं तर मला हवंच आहे, कारण तुमच्यासारखी माणसं या शहरात अजून आहेत हे कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की हे सगळं कशासाठी चाललंय. आज सांगते.

माझी आई चिपळूणची. 1989 ते 1992 मी कराडला वसतिगृहात राहून शिकत होते. त्या तीन वर्षांत तिनं मला एकेचाळीस पत्रं लिहिली. सगळी निळी आंतरदेशीय. कुंभार्ली घाट चढून ती पत्रं यायची आणि पावसाळ्यात कडा दमट व्हायच्या. मी सुट्टीला घरी जाताना ती परत घेऊन जायचे आणि आई ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. जुलै 2021 च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत आलं. लग्नाचा अल्बम गेला, बाबांच्या वह्या गेल्या, भिंतीवरचे फोटो चिखलात सापडले. पोटमाळ्यावरचा तो डबा तेवढा राहिला. दोन वर्षांनी आई गेली. तेव्हा आमच्या हातात तिचं म्हणून उरलं ते एवढंच: एक डबा पत्रं, दोन इरकली, एक खणाची चोळी आणि गोड्या मसाल्याचं प्रमाण लिहिलेला एक कागद.

पहिल्या वर्षश्राद्धाला ताईला, दादाला आणि मला अशा तीन आठवणींच्या पेट्या करायच्या, असं मी ठरवलं. छोट्याच, वहीएवढ्या. झाकणाच्या आत आईचं एक पत्र आणि खाली कप्प्यांमध्ये तिच्या साडीचा काठ, चोळीचं बटण, असं काही. मी गेली सात-आठ वर्षं घरी असलं काहीबाही करत आले आहे. राखीचे डबे, लग्नपत्रिकांच्या कातरणांची भेटकार्डं, क्विलिंगच्या फुलांच्या चौकटी. हात बऱ्यापैकी बसलेला आहे. पण आईच्या पत्राला हात लावायचं धाडस होईना. म्हणून मी आधी ‘जाणकारांकडे’ गेले.

त्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. फोटोच्या चौकटी करून देणारं चांगलं मोठं दुकान होतं. एक पत्र नमुन्यादाखल दिलं आणि सांगितलं, फक्त बघा, कसं करता येईल ते सांगा. तिसऱ्या दिवशी गेले तर पत्राचं लॅमिनेशन झालेलं. गरम रोलरमधून काढलेलं, दोन्ही बाजूंनी चकचकीत प्लॅस्टिक. आणि पत्राची खालची घडी नव्हती. ती जीभ, जिच्यावर डिंक असतो, जी दुमडून आपण पत्र बंद करतो, ती कापलेली. मी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ते कडेचं लटकत होतं, ते काढलं. आता फ्रेममध्ये नीट बसेल.”

काका, आंतरदेशीय पत्र ज्यांना येत असे त्यांना ठाऊक आहे की त्या जिभेवरच सगळ्यात महत्त्वाचं असतं. आत जागा संपली की माणूस तिथे लिहितो. आईनं तिथे लिहिलं होतं, “ता. क. मांजरीला तीन पिल्लं झाली. एक अगदी तुझ्यासारखं रडतं.” हे मला पाठ आहे. पण तिच्या अक्षरातलं ते आता कुठेच नाही. मी त्या मुलाला कचऱ्याचा डबा दाखवायला सांगितलं. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती.

त्यानंतर एका ठिकाणी पैसे भरून एक दिवसाचा वर्ग केला. तिथे शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, खरं पत्र कशाला घालता, झेरॉक्स काढून चहाच्या पाण्यात बुडवा, जुनं दिसतं, कुणाला कळत नाही. मी अर्ध्यातून उठून आले.

मग कुणीतरी तुमचं दुकान सांगितलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात, वाड्याच्या तळमजल्यावर, बाहेर पाटी नाही, आत पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि खळीचा तो आंबूस वास. मी दारातूनच म्हणाले, “जुन्या पत्रांचं काही करता का?” तुम्ही शाळेच्या हजेरीपटांची बांधणी करत होतात. वर न बघता म्हणालात, “आणलीयेत का?”

मी डबा उघडला. तुम्ही पत्राला हात लावला नाहीत. उठलात, मागे मोरीवर गेलात, साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेत, पंच्याला पुसलेत, आणि पुसलेले हात थोडा वेळ पंख्याखाली धरून उभे राहिलात. मग बसलात आणि विचारलंत,

“कुणाचं अक्षर, ताई?”

“आईचं.”

“वाचलं तर चालेल? का न वाचता करू?”

काका, हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. त्या दुकानातल्या मुलानं ते पत्र वाचलं नसेलच, कारण वाचलं असतं तर त्याच्या हातून कात्री चालली नसती. पण तुम्ही विचारलंत. मला उत्तर देता येईना. तुम्ही दोन क्षण थांबलात आणि म्हणालात, “असू दे. न वाचताच करतो. मला कागद तेवढा बघायचाय.” आणि खणातून बटर पेपरचा एक तुकडा काढून तुम्ही पत्रावर असा अंथरलात की अक्षरं पुसट झाली आणि फक्त वरची कड उघडी राहिली. पुढचा दीड तास तुम्ही त्या उघड्या कडेवरच काम केलंत. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं बटर पेपर सरकला तर तुम्ही नजर वळवून बाहेर बोळाकडे बघितलंत आणि हातानं चाचपून तो परत सारखा केलात.

मी तिथे स्टुलावर बसून हे बघत होते. आई गेल्यापासून तिच्या वस्तूंना किती हात लागले होते. दवाखान्यात, तहसील कचेरीत, बँकेत, तिच्या कागदांवर लोकांनी चहाचे कप ठेवले, स्टेपलर मारले. आणि तुम्ही, जे तिला कधी भेटला नाहीत, तिच्या अक्षरांवरून नजर वळवलीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या आईला कुणीतरी मान दिला.

तुम्ही शिकवलंत ते किती आणि काय काय, सगळं लिहीत बसले तर पान पुरणार नाही. पण शाईचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही ओलसर कापसाचं टोक एका पूर्णविरामावर टेकवलंत. एकाच. उचललंत तर कापसावर निळा ठिपका. “बघा,” म्हणालात, “फाउंटन पेनची शाई. सगळ्या पत्राला खळ लावली असती तर आई वाहून गेली असती.” असं म्हणालात आणि लगेच गप्प झालात, आपण काही लागेलसं बोललो की काय म्हणून. नाही हो काका. अगदी बरोबर बोललात.

म्हणून पत्र पूर्ण चिकटवायचं नाही, वरच्या कडेला पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या लावायच्या आणि त्या बिजागरीवर पत्र टांगतं ठेवायचं, म्हणजे उलटून मागची बाजूही वाचता येईल, हे तुम्ही सुचवलंत. मैद्याची खळ, अगदी कोरडी, बोटाला लागेल न लागेल एवढी. पुस्तकांच्या खळीत तुम्ही कसर लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, घालता, ते या खळीत घातलं नाहीत. “मोरचूद पुस्तकाच्या पाठीला. शाईच्या जवळ नको, तांबं कागद खातं.” आणि फेविकॉल का नको तेही सांगितलंत. खळ उद्या जरा ओलं बोट लावून सोडवता येते. “तुमच्या नातीला पत्र बाहेर काढावंसं वाटलं, तर तिला काढता आलं पाहिजे.” मला मुलगीच अजून शाळेत आहे. तुम्ही नातीपर्यंतचा विचार करत होतात आणि माझं ते पहिलं पत्र प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद होऊन पडलं होतं.

पट्ट्यांचा तो कागद तुम्ही एका जुन्या फायलीतून काढून दिलात. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला, कितीतरी वर्षांपूर्वी आणून ठेवलेला. ती संस्था 1940 पासूनची, हे मला तुमच्याकडूनच कळलं. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद, लाकडाचा नाही, म्हणून वर्तमानपत्रासारखा पिवळा पडून मोडत नाही. तुम्ही तो उजेडात धरून दाखवलात तेव्हा आतले धागे दिसले. मग जुन्नरी कागदाबद्दल, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याबद्दल बोलत राहिलात. पेशवाईतले कागद पुण्याच्या दफ्तरात आजही वाचता येतात, असं सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

पेट्या मी घरीच केल्या, तुम्ही सांगितलं होतं तशा. खणाला आधी मागून पातळ कागद चढवला, म्हणून खळ कापडातून वर फुटली नाही. पुठ्ठ्याला बाहेरून खण आणि आतूनही तेवढ्याच ओलीचा कागद, मग रात्रभर वजनाखाली. पहिल्या पेटीला आतून कागद लावायला एक दिवस उशीर केला तर झाकण पापडासारखं वाकलं. ते उकलून पुन्हा केलं. आईच्या अंगणातल्या प्राजक्ताची वाळवलेली फुलं घालायची माझी फार इच्छा होती, पण तुम्ही मान हलवलीत: फुलं आली की किडे आले. त्यांच्याऐवजी काठाच्या केशरी धाग्यांचे छोटे देठ करून लावले. ताईनं फोनवर विचारलं, “प्राजक्त आहे ना हा?” तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि ती हाडाची पट्टी! मी घडी नखानं दाबते हे बघून तुम्ही तुमची पट्टी माझ्या हातात दिलीत. “काम होईपर्यंत राहू द्या.” घरी आल्यावर मी ती नीट पाहिली. एका बाजूला अंगठ्याच्या आकाराचा खळगा पडला आहे. किती वर्षांच्या वह्या आणि पुस्तकं त्या खळग्यात असतील. ज्या माणसाला तुम्ही दीड तासापूर्वी ओळखतही नव्हता, तिच्या हातात तुम्ही हे हत्यार दिलंत. नाव विचारलं नाहीत, फोन नंबर घेतला नाहीत. आणि पैसे म्हणून घेतलेत ते पुठ्ठ्याचे फक्त एकशेवीस रुपये. कागदाचे नाहीत, वेळेचे नाहीत.

मला राग येतो, काका, की आपल्याकडे चांगलं वागणाऱ्या माणसाला ‘साधा’ म्हणून बाजूला टाकतात. तुमच्या बोळात शिरताना दोन्ही बाजूंना किती मोठ्या पाट्या आहेत. आणि ज्याला दुसऱ्याच्या पत्रावर नजर टाकण्याआधी विचारावंसं वाटतं, त्याच्या दारावर पाटीच नाही. ‘सर्व्हिस’ हा शब्द मी हल्ली दिवसातून दहा वेळा ऐकते. त्या शब्दात तुमचं ते हात पंख्याखाली धरून उभं राहणं कुठे बसवायचं, मला कळत नाही. ते कुणी शिकवून येत नसावं. की तुमच्या वडिलांनी शिकवलं? एकदा विचारायचं आहे.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर तिघांनी आपापल्या पेट्या उघडल्या. दादा फार बोलत नाही. त्यानं झाकण उघडलं, पत्र बिजागरीवर उलटवलं, मागची बाजू वाचली, परत सारखं केलं, पुन्हा उलटवलं. असं चार-पाच वेळा केलं. त्याच्या पत्राची जीभ शाबूत आहे. तिच्यावर आईनं फणस कापण्याबद्दल काहीतरी लिहिलं आहे.

येत्या शनिवारी दुपारी मी येते आहे. तुमची पट्टी परत करायची आहे. गोड्या मसाल्याची बरणी आणते, प्रमाण आईच्याच कागदावरचं आहे, तेव्हा नाही म्हणू नका. आणि माझी पेटी बरोबर आणते. तुम्ही ज्या पत्रावर बटर पेपर अंथरला होतात, ते माझ्या पेटीत आहे. त्यात काय लिहिलंय ते मी इथे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तुमचा चष्मा तेवढा जवळ ठेवा, काका. या वेळी तुम्ही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुमची,
निळ्या पत्रांवाली ताई