शिलाई मशीनवालीला

डोंबिवली,
रविवार दुपार

प्रिय मॅडे,

दीड वर्ष झालं. मध्ये वाढदिवसाला मेसेज टाकला होता तो धरू नकोस, फोनने आठवण केली म्हणून टाकलेला. शिव्या भेटल्यावर घाल, आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

तब्येत बरी. पाठ दुखते, गोळी घेते.

तर, जुईने सकुरा बघायला घेतलीय. आपलंच कार्टून, जादूची कार्डं पकडणारी. पण आपण इंग्रजीत बघायचो तशी नाही, मूळ जपानी, खाली अक्षरं. आणि त्यात सकुराची मैत्रीण मॅडिसन नाहीच गं, तिचं खरं नाव टोमोयो! म्हणजे इतकी वर्षं मी तुला चुकीच्या नावाने हाक मारतेय. आता बदलणार नाही. एकूण ७० भाग, १९९८ ते २००० मधले. अमेरिकेतल्या टीव्हीवर त्यातले ३९च दाखवले, तेही आठव्यापासून सुरुवात करून. म्हणजे कार्डांचं पुस्तक उघडतं तो पहिला भागच नाही. तिथल्या पोरींचं आपल्यासारखं भांडण झालं नसणार.

ते भांडण आठवतंय ना? तू म्हणायचीस, चूक सकुराचीच. मी म्हणायचे, चूक केरोची, कार्डांचा राखणदार असून झोपला. आता नीट बघितलं. ती एकटीच बाबांच्या तळघरातल्या पुस्तकांत जाते, पुस्तक उघडते, पहिल्या कार्डावरचं 'विंडी' वाचते आणि वाऱ्याने सगळी कार्डं गावभर. पुढची सगळी वणवण स्वतः सांडलेलं गोळा करायलाच. घे, जिंकलीस.

परवा जुईने विचारलं, "आई, हिचे कपडे जादूने का बदलत नाहीत?" खरंच की. बाकीच्या जादूवाल्या पोरी एक गिरकी घेतली की नव्या झग्यात. सकुराची फक्त किल्लीची काठी होते. झगे टोमोयो शिवते, दर वेळी नवा, आणि वर कॅमेरा घेऊन मागे पळते. मी जुईला म्हटलं, "मैत्रीण शिवते तिची," आणि पुढे बोलताच येईना.

सहावीचं गॅदरिंग. काकूंची गुलाबी ओढणी तू न विचारता कापलीस. कॉलर उलटी लागली म्हणून रात्री उसवून पुन्हा लावलीस, मधल्या बोटात सुई गेली, आणि ते रक्त कापडाला लागू नये म्हणून बोट तोंडात धरून एका हाताने मशीन फिरवत होतीस. मी शेजारी बसून चिवडा खात होते. फोटोही तूच काढलेस. छत्तीसचा रोल. पस्तिसांत मी, एकात छत.

आता मुद्दा. जुईची एक मैत्रीण आहे, बी विंगमधली. हिचं दप्तर धरते, हिच्या वह्या पूर्ण करून देते, हिची रिक्षा येईपर्यंत गेटवर उभी राहते. मी म्हटलं, "अगं, तिला कधी विचारलंस का?" तर बाईसाहेब म्हणतात, "तिला आवडतं."

मॅडे, हे माझं वाक्य आहे. काकू ओट्याशी भाकरी थापत म्हणाल्या होत्या, "हिलाही घ्या की गं नाचात." आणि मी म्हटलं, "काकू, तिला शिवायलाच आवडतं." तू सुईत दोरा घालत होतीस. मान वर केली नाहीस.

टोमोयो म्हणते, आपलं माणूस खुश असलं की मी खुश. तेव्हा किती गोड वाटायचं. आता वाटतं, या पोरीला धरून हलवावं. की मी उगाच तुझं ओझं त्या बी विंगवालीच्या खांद्यावर टाकतेय? जुईला रागवू का? रागवून काय सांगू, मला कुणी रागवलं नाही हे? नवरा म्हणतो कार्टून आहे, झोप. तोही केरोच.

काल ४६वा भाग झाला. शेवटची परीक्षा. सकुरा हरली तर जग वगैरे बुडणार नसतं, कार्डांशी संबंध आलेल्या सगळ्यांच्या मनातून आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाबद्दलचं प्रेम पुसलं जाणार असतं. जुई म्हणाली, "एवढंच?" मी न वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले.

तुझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? घराचा ताबा मिळाला का? धाकट्याचे दात आले असतील आता. सगळं कळव.

पण आधी एक सांग, मला वाईट वाटेल म्हणून गोडगोड न लिहिता. तुला नाचायचं होतं का?

तुझी,
सकुरा (जिला कार्टूनमधल्या सकुरासारखे स्केट्स कधीच मिळाले नाहीत)

ता.क. केरो झोपलाच होता. ते मी सोडणार नाही.