धामणीला जाळ्यातून सोडवणाऱ्या दादांना

स. न. वि. वि.

दादा, नाव कुठं लिहू नका असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून नुसतं 'दादा'च म्हणते. परभणीत ज्यांच्या घरी कधी साप निघालाय त्यांना कळेलच कोण ते.

तुम्ही आलात तेव्हा गल्लीतली पोरं काठ्या घेऊन उभी होती आणि सगळ्यांच्या मते तो नागच होता. तुम्ही वाफ्याजवळ उकिडवे बसलात. "नाग नाई ओ ताई, धामण हाय. डोळे बगा केवढाले! जबड्याच्या कडंला काळ्या रेघा बगा." पाखरं टोमॅटो टोचतात म्हणून टाकलेल्या नायलॉनच्या जाळ्यात ती अडकली होती. पुढं सरकायला गेली की दोरा खवल्यांखाली आणखी रुतायचा. तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून तुम्ही छोट्या कात्रीनं एकेक दोरा कापलात. आधी दोऱ्याखाली करंगळीचं नख सरकवायचं, कातडी वाचवायची, मग कात्री. ऊन मी म्हणत होतं, पण तुमचा हात काही घाईला आला नाही. पोरांच्या काठ्या कधी खाली गेल्या, त्यांनाही कळलं नसेल.

सासूबाईंनी तेवढ्यात विचारलंच, धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते ना? तुम्ही हसला नाहीत, याचं मला फार वाटलं. "आजी, हिचे दात सुईवानी, आत वळलेले. सडाला लावले तर म्हैस उभी राहील व्हय?" त्यांनी नुसतं 'हूं' केलं. आता शेजारणीला हेच त्या ठासून सांगतात.

वनविभागाला कळवून तिला जवळच्याच ओढ्याकाठी सोडलीत. लांब नेलेला साप अनोळखी जागेत तगत नाही, हे मला नवीन होतं. मग परत येऊन परसात फिरलात आणि भिंतीच्या पायाशी उकरलेली ताजी माती दाखवलीत. "ती घुशीपायी येती." लाकडं जमिनीवर रचायची नाहीत, कुत्र्याची थाळी रात्री बाहेर ठेवायची नाही, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी. विषाच्या वड्यांना मात्र साफ मनाई. त्या खाल्लेला उंदीर बरेचदा लगेच मरत नाही, दोन-चार दिवस मंदपणे फिरतो आणि नेमका तोच पिंगळ्याच्या, मांजराच्या नाहीतर धामणीच्या तोंडी लागतो.

वांग्याच्या पानामागचा मावाही तुमच्या नजरेतून सुटला नाही. त्यातली ती काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी ढालकिड्याची, मावा खाणारी. तिला बहुतेक घरांत कीड म्हणून चिरडतात. निंबोळीची 50 ग्रॅम पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारायची. तेवढ्यावर आमचं भागतंय. वानरांचं विचारलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत. "ते मारुतीलाच विचारा ताई."

एक गोष्ट कॉलनीत मी सगळ्यांना सांगत सुटलेय: साप ओळखता आला नाही तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकीच एक समजायचा. लांबून नजर ठेवायची, काठी उचलायची नाही, वनविभागाच्या 1926 वर नाहीतर तुम्हाला फोन करायचा. टोमॅटोवरचं जाळं आता मांडवावर ताणून बांधलंय, जमिनीपासून चांगलं हातभर वर. शेजारच्यांनीही तसंच केलंय.

पैसे घेतले नाहीत, ते एक वेळ ठीक. पण पावसाळाभर तुमचा फोन वाजत राहतो आणि पेट्रोल तुमच्या पदरचं, हे आम्हाला शोभत नाही. यंदा गणपतीच्या वर्गणीतून तुमच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यायचं मंडळात ठरलंय. पायाचं माप तेवढं कळवा. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली ताई