टिकटिक डबीसाठी काकांचे आभार

ठाणे (पश्चिम)

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आल्यापासून कॉम्प्युटर मुका झाला. जुन्या हार्ड डिस्कच्या कुरकुरीवरून काम चालू आहे की मशीन अडकलंय ते कळायचं. डिस्क चालू असताना लुकलुकणारा कॅबिनेटवरचा दिवा ज्यांना दिसत नाही, त्यांना तर तोच आधार होता. स्टेशनजवळच्या तुमच्या काउंटरवर गिऱ्हाइकांच्या गर्दीतही तुम्ही डिस्कच्या हालचालीबरोबर टिकटिकणाऱ्या डबीचं सर्किट कागदावर काढून दिलंत, म्हणून ती खूण पुन्हा कानावर येते आहे. मनापासून आभार.

"बझर नको, पिझोची चकती घ्या," हे तुमचं सांगणं सगळ्यात मोलाचं. तयार बझर मोठी फाइल कॉपी होताना नुसता चिरकत राहतो, शिवाय त्याला पुरेल एवढा करंट मदरबोर्डवरच्या एचडीडी एलईडीच्या (म्हणजे त्या दिव्याच्या) पिनांमधून काढणं बरं नाही. पिझोची, म्हणजे व्होल्टेज बदललं की हलून आवाज करणारी, २७ मिमीची चकती फक्त टिक करते.

मदरबोर्डच्या रक्षणासाठी मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर (वायरऐवजी प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा पार्ट) घालायला लावलात, तेही बरोबरच. तो त्या पिनांना थेट जोडला की कॅबिनेटचा लाल दिवा विझतो. ऑप्टोच्या आतली एलईडी १.२ व्होल्टला पेटते, लाल एलईडीला १.८च्या आसपास लागतात, त्यामुळे सगळा करंट ऑप्टोच खेचतो. त्याच्या सिरीजमध्ये ४७० ओहम टाकला की दोन्ही चालतात.

इतरांना करता यावं म्हणून पुढचं इथेच लिहितो. यूएसबीच्या ५ व्होल्टवर ५५५ टायमर आयसी चालवायचा. पिन ४ आणि ८ पाच व्होल्टला, १ ग्राउंडला. ऑप्टोचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला ५ व्होल्टकडे १० केचा (१० किलोओहम) पुल-अप रेझिस्टर, आणि तिथून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिन २ला. पिन २लाही ५ व्होल्टकडे १० के हवा. हा कपॅसिटर गाळला तर दिवा पेटलेला असेपर्यंत ट्रिगर खालीच राहतो, आउटपुट सुटत नाही आणि सलग टिकटिक येत नाही. पिन २वर १एन४१४८ डायोडही लावावा, कॅथोड ५ व्होल्टकडे. पिन ६ आणि ७ एकत्र करून तिथून ५ व्होल्टला २२ के, ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड. १.१ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटर), म्हणजे साधारण २.४ मिलिसेकंदांचा पल्स. पिन ३पासून १०० ओहममधून चकती, तिची दुसरी वायर ग्राउंडला.

चकतीला वायर लावताना मात्र जपावं लागतं. मधल्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकलं की चांदीचा थर टिनासकट उचलून येतो आणि चकती वाया जाते. तुम्ही दाखवलंत तसं वायरला आधी टिन चढवून नुसतं टेकवायचं. डबीत बसवतानाही फक्त कडेला चिकटवायची. पूर्ण पाठ फेविक्विकने चिकटवली की आवाज दबतो.

काही मदरबोर्डांवर एनव्हीएमईची (एसएसडीच्या वेगवान प्रकाराची) हालचाल या पिनांपर्यंत येत नाही. म्हणून कॅबिनेटचा दिवा लुकलुकतो का, हे आधी पाहून मगच पार्ट्स घ्यावेत.

आणि तो १० केचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर)! चकतीच्या सिरीजमध्ये लावल्यावर टिक इतकी मऊ झाली की रात्री शेजारच्या खोलीतल्यांची झोप मोडत नाही.

आपली,
नौपाड्यातली मंडळी